वरदचं यंत्र बंद पडल्याच्या वेळा

१० मे १९९९, सोमवार

पुन्हा बंद पडलं! सलग तिसरा दिवस. सव्वादहाला आधी पडदा गोठला. "गोठला" हा वरदचा शब्द. बाण हलेना, अक्षर उमटेना. मग टप्पकन काळोख. वरदने टेबलावर मूठ आपटली. आतून ह्यांनी विचारलं, "काय पडलं रे?" "माझं नशीब पडलं, बाबा." तिन्हीसांजा नव्हत्या म्हणून बरं. असं बोलू नये.

लॅपटॉप म्हणायचं त्याला. पाटीपेक्षा थोडा मोठा, वहीसारखा मिटतो. कंपनीचा आहे. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मोरीत पाय घसरून ह्यांचं मांडीचं हाड मोडलं, सांगलीला ऑपरेशन झालं, तेव्हापासून वरद पुणं सोडून इथे साताऱ्यात आमच्याजवळ आहे. त्याचे साहेब भले. म्हणाले, घरून काम कर — आणि हे यंत्र दिलं. पंधरा जूनला सगळं काम पुरं करून पाठवायचं. पाठवलं तर एक जुलैला अमेरिका, दीड वर्ष. नाही पाठवलं तर त्याच्या जागी कुणी मयूरी म्हणून मुलगी आहे, ती जाणार.

काम कसलं ते परवा त्याने मला समजावलं. जुन्या लोकांनी यंत्रात साल घालताना पुढचे दोन आकडे गाळले. नुसतं ९९. पुढच्या वर्षी ०० आलं की यंत्राला वाटणार एकोणीसशे साल उजाडलं! तेवढ्या जागा हुडकून दुरुस्त करायच्या. मी म्हटलं, त्यात काय, मीसुद्धा वहीत सन ९९ एवढंच घालते. "म्हणजे तूही त्यातलीच!" म्हणून हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. आज तारखेत चारी आकडे घातले आहेत.

११ मे, मंगळवार

दोनदा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दुपारी तासाभराचं काम पुसलं गेलं.

मी फ्रिज बंद ठेवून पाहिला. मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावर वाटली. तरी गेलं.

१२ मे, बुधवार

सयाजीराव येऊन गेले. दोन घरं सोडून राहतात. फौजेत सिग्नलमध्ये, बिनतारी संचांवर हवालदार होते, पेन्शन घेऊन आल्यावर पोवई नाक्यावर टायपिंगचा वर्ग काढला, आता त्यात तीन कॉम्प्युटरही आहेत. आल्या आल्या यंत्राला कान लावला. डॉक्टरसारखा! मग भिंतीतल्या प्लगमध्ये मीटरच्या तारा घातल्या.

"वैनी, मशीन एकदम ओके हाय. लाइन डाऊन हाय तुमची. कधी एकशे ऐंशी, कधी दोनशे चाळीस. मानूस सुदा झीट येऊन पडंल."

स्वतःचा स्टॅबिलायझर आणून लावून दिला. चहा घेतला. टेबलावरची गादी बघून म्हणाले, "ही नक्षी कुनाची?" म्हटलं माझीच. जुन्या इरकली खणाची शिवली आहे, आत दोन बोटं कापूस. पोथीखाली घालते तशीच. कंपनीची वस्तू, उघड्या सनमायकावर ओरखडे पडायचे. आणि विद्येचं यंत्र, नुसतं टेबलावर कसं ठेवायचं?

१३ मे, गुरुवार

स्टॅबिलायझर लावूनही गेलं. अकरा वीस.

सकाळी मी यंत्राच्या झाकणावर चिमूटभर अंगारा लावला होता. वरद ओरडला, "आई! राख आत गेली म्हणजे?" पदराने पुसून टाकला. मनातल्या मनात म्हटलं तर देवाला पोचत नाही का? पोचतं.

१४ मे, शुक्रवार

सगळे अंदाजपंचे बोलतात. लाइन, रोगजंतू (यंत्रालाही होतात म्हणे. वरदने पुण्याहून मागवलेली तबकडी घालून तपासलं, एकही नाही), बॅटरी, ऊन. कोणी लिहून ठेवत नाही. माझ्या हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. रकाने आखले — तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, लाइट होती की नव्हती, घरात आणखी काय चालू होतं, शेरा.

ह्यांनी उशीवरून पाहिलं. ट्रेझरीत तीस वर्षं काढली त्यांनी, रकाने बघितले की बरं वाटतं त्यांना. "शेऱ्याचा रकाना रुंद घे. खरं काय ते शेऱ्यातच निघतं."

वरदला सांगितलं, बंद पडलं की तिथूनच मला हाक मार. दुपारी मारलीच. "आई, लिही! गेलं!"

दोन पंचवीस.

१६ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. नेम धरला — महिनाभर दुपारचं जेवण मौनाने. सासूबाई करीत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "महिनाभर आमचीही करमणूक!"

वरदचं काम होऊ दे एवढंच मागितलं. सगळ्यांना सांगून बसले आहे मी. सांगलीच्या भावाला, अण्णाला, वाईच्या नणंदेला, भाजीवालीला सुद्धा.

यंत्र दोनदा.

१८ मे, मंगळवार

वरदने यंत्राच्या पोटातली एक पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. तास दीड तास चाललं. आम्ही तिघंही श्वास धरून. मग गेलं.

रकाने भरत आले. सुरू केल्यापासून चाळीस-पन्नास मिनिटांत जातं. कधी जास्त. लाइटचा काही संबंध दिसत नाही. शेऱ्यात लिहायला काही सापडत नाही.

आज वरद बाजारात गेला असताना ह्यांना एकटीने उठवून पाहिलं. खांद्याखाली हात घातला, "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि दोघंही पलंगावर आडवे! हे हसत सुटले. मी हसले नाही.

२० मे, गुरुवार. सांगली

एक्स-रेसाठी आलो. जीपमध्ये मागच्या सीटवर ह्यांना आडवं घातलं. आष्ट्याला थांबून सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. हाड जुळत आलं आहे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने सोबत माणूस हवाच, वॉकर घेऊन हळूहळू. एकटं सोडायचं नाही.

उतरलो अण्णाकडे. वरदने यंत्र सोबत आणलं आहे. अण्णाच्या माडीवर कडाप्प्याचा ओटा आहे, तिथे मांडून बसला.

२१ मे, शुक्रवार. सांगली

दिवसभर चाललं!! सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे फक्त जेवायला उठला तेवढंच. मी तीनदा वर जाऊन पाहिलं. चालूच.

संध्याकाळी गणपतीला जाऊन आले. नारळ फोडला.

अण्णा म्हणाला, "ताई, तुमच्या साताऱ्याची वीजच वाईट. भाच्याला इथेच ठेव, मी पाठवतो त्याला अमेरिकेला!" वहिनी म्हणाली, "आणि ताईंना कोण सोबत?" वरद भिंतीकडे बघत होता. एवढं काम झालं तरी चेहरा उतरलेलाच. दमला असेल.

२३ मे, रविवार

परत आलो.

२४ मे, सोमवार

साताऱ्यात पहिल्याच दिवशी — दहा पाच. आणि तीन चाळीस. सयाजीराव म्हणाले, "सांगितलं न्हवतं? सांगलीची लाइन ए वन." वर्गातून दुसरा, मोठा स्टॅबिलायझर आणला. टेबलाखाली आता दोन पेट्या.

२५ मे, मंगळवार

मोठ्या पेटीनेही काही नाही. एकदा, अकरा. पुण्याच्या साहेबांचा फोन. वरद उभा राहून बोलत होता. "येस सर. नाही सर. मशीनचा प्रॉब्लेम आहे सर." ह्यांनी आतून ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी थांबलास म्हणून झालं हे. मी कोणाच्या गळ्यात पडून राहणार नाही. जायचंच तुला." वरद "हो बाबा" म्हणाला आणि गच्चीवर गेला.

२७ मे, गुरुवार

काल संध्याकाळी ह्यांच्या पायाला लावायचं तेल टेबलावर लवंडलं, गादी खराब झाली. आज सकाळी सोडा घालून धुतली, दोरीवर टाकली. यंत्र तसंच टेबलावर.

आज गेलं नाही. साडेनऊला सुरू. बारा वाजले, चालूच.

वही उघडून बसले. सांगली — कडाप्पा. आज — नुसता सनमायका. बाकी सगळे दिवस — गादी. इतकं सोपं! अठरा तारखेला दीड तास चाललं, तेव्हा वरदने पट्टी काढायला यंत्र पाटावर घेतलं होतं, आणि बराच वेळ पाटावरच होतं ते. आठवलं मला.

वरद पाणी प्यायला उठला तेव्हा यंत्र एका बाजूने उचलून पाहिलं. खाली बारीक फटी आहेत, जाळीसारख्या. तिथून वाफेसारखी हवा येते. माझी गादी त्या फटी बुजवत होती. यंत्राला श्वासच नव्हता. गरम होऊन होऊन बंद पडत होतं ते. मीच! अंगारा लावत होते वरून, आणि खालून मीच.

पानं वाढली. मौन. वरद म्हणाला, "आज काय चमत्कार आहे कोणास ठाऊक. एकदाही नाही गेलं." माझ्या ओठांवर होतं. नेम मोडायचा नाही म्हणून गिळलं. जेवण झाल्यावर सांगू.

जेवण झालं. हात धुतले. ह्यांना उठवायची वेळ झाली. वरदने खांद्याखाली हात घातला, एक, दोन, तीन — आणि अलगद उभं केलं. वॉकर पुढे सरकवला. "चला बाबा, आज दारापर्यंत." मी मागे खुर्ची घेऊन उभी. दारापर्यंत गेले. परत येताना हे त्याच्या खांद्यावर डोकं टेकून एक क्षण थांबले. कधी टेकलं नव्हतं.

मग चहा. मग दिवा लावायची वेळ.

सांगितलं नाही.

२८ मे, शुक्रवार

गादी वाळली. टेबलावर घातली. वरद अंघोळीला गेला होता. यंत्र उचललं, घातली, वर ठेवलं. चारी कोपरे सारखे केले.

दहा पंचेचाळीस. "आई, लिही!"

लिहिलं. शेऱ्याचा रकाना कोरा.

२९ मे, शनिवार

नऊ पन्नास. दोन दहा.

मी खोटं बोललेली नाही. कोणी विचारलंच नाही मला.

३१ मे, सोमवार

काल सयाजीरावांच्या मुलाला तार आली. वीरधवल, तोही फौजेत. महिन्याच्या सुट्टीवर आला होता, दहा दिवस झाले नाहीत तोवर परत बोलावलं. सरहद्दीवर काहीतरी चाललं आहे, टीव्हीवर दाखवतात. आज सकाळच्या गाडीने गेला. मी शंकरपाळे करून नेले.

त्याची आई अंबूबाई उंबऱ्यात बसली होती. म्हटलं, अंबूबाई, रडू नका.

"रडतीय कुटं वैनी? डोळं चुलीनं लाल झाल्यात. लाडवाचा डबा इसरला बगा. पिशवीत भरला व्हता, त्यानंच परत काडून ठिवला. म्हनतोय, आये, तितं खायाला येळ न्हाई. मला इचारलं का कुनी? बापाला इचारलं न्हाई. त्योबी इचारून गेला न्हवता कवा."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा वरद कवा जानार?"

म्हटलं, यंत्र नीट होत नाही.

घरी येऊन देवापुढे बसले. जप मोजता येईना. मणी हातात आणि आकडा विसरायचा. तीनदा पहिल्यापासून केला.

यंत्र एकदा. अकरा.

१ जून, मंगळवार

दोनदा.

३ जून, गुरुवार

ह्यांनी विचारलंच. वरद फ्लॉप्या पाठवायला स्टँडवर गेला होता. "तुझ्या वहीतून काय निघालं गं? तीन आठवडे झाले रकाने भरतेस."

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

ते छताकडे बघत राहिले. "ट्रेझरीत असतीस तर तुला मेमो दिला असता."

आता खोटंही बोलून झालं. अधिक महिन्यात.

साहेबांचा पुन्हा फोन. मयूरीचे कागद तयार करून ठेवले आहेत म्हणे. पंधरा तारखेपर्यंत वाट बघणार.

४ जून, शुक्रवार

मी वाईट आई आहे का, ते ह्या पानाला विचारून काय उपयोग. पण खरं लिहायचं तर दोन गोष्टी आहेत. एक — मला ह्यांना एकटीने उचलता येत नाही, अजून दोन महिने. दुसरी — पहिली खोटी नाही, पण दुसरी मोठी आहे. वरद सकाळी उठून अंगणात दात घासतो. मी चहा टाकते. तो "आई, साखर कमी" म्हणतो, मी तेवढीच घालते. पंधरा वर्षांचा असताना शिकायला गेला तो, मग नोकरी. इतके दिवस सलग घरी नव्हता.

एवढंच आहे. एवढ्यासाठी गादी घालते मी.

७ जून, सोमवार

वाईट झालं.

सयाजीराव सकाळी हट्टाला पेटून आले. मुलाचं पत्र नाही, हाताला काम हवं होतं बहुतेक. "आज उघडूनच बगतो." वरदने मान डोलावली. ओटीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एक-एक स्क्रू काढला, बशीत ओळीने मांडला. फुंकर घातली, ब्रश फिरवला. पुन्हा बसवलं. सगळं बरोबर. मी बघत होते, एवढ्या जाड बोटांनी किती हळुवार! वरदने यंत्र उचलून नेलं, टेबलावर, गादीवर ठेवलं.

अर्ध्या तासात गेलं.

वरद बाहेर आला आणि ओरडला. "काका, स्टिकर फाडलंत तुम्ही! आता कंपनी म्हणणार इथे कोणीतरी उघडून बिघडवलं. तुम्हाला येत नाही तर हात का लावलात?"

सयाजीराव उभे राहिले. स्क्रू-ड्रायव्हर रुमालात गुंडाळला. "वरदबाबा, सेट पाठीवर बांधून लडाखात फिरलोय मी. बर्फात. येक बी सेट माज्या हातानं कवा मेला न्हाई." चहा तयार होता. घेतला नाही. दोन्ही पेट्या काखेत मारल्या आणि गेले.

मी कप हातात धरून उभी. त्या माणसाने काहीही केलं नव्हतं. बिघाड माझ्या टेबलावर होता. माझ्या हाताने घातलेला.

वरद मग खोलीत जाऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी असं बोलायला नको होतं ना?" म्हटलं, नको होतं. ते मी त्याला म्हटलं!

८ जून, मंगळवार

उठल्या उठल्या गादी काढली. ह्यांच्या टाचेखाली दिली, टाच लाल झाली होती. तिथे उपयोगाची आहे ती.

मग सयाजीरावांकडे गेले. दोघंही होती. उभ्या उभ्याच सांगितलं — खाली फटी आहेत, माझ्या गादीने बुजत होत्या, म्हणून तापत होतं. तुमची चूक नव्हती.

सयाजीराव बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारली. "च्यायला! आवं, थंडीत पोरं सेटवर कांबळं टाकायची. सेट तापून गप्प व्हायचा. मी सोता शिव्या दिल्यात त्येंला! आन् हितं मी नक्षी बगत बसलो!" हसायला लागले. हसताना डोळे पुसले.

अंबूबाई हसली नाही. त्यांना पाणी आणायला पाठवलं आणि मला हळूच म्हणाली, "वैनी, कवापासनं ठावं हाय?"

मी पायाच्या बोटांकडे बघितलं.

"ऱ्हाऊंद्या," म्हणाली. "मी सांगत न्हाई कुनाला. माज्याजवळ आसली गादी आस्ती तर मी बी घातली आस्ती वीराच्या गाडीखाली. पर आता सांगा त्येला. त्येनं ह्येंची माफी मागाय पायजे."

वरदला सांगितलं. गादीचं सांगितलं, सत्तावीस तारखेचं नाही. मला वाटलं, ओरडेल, नाहीतर उडी मारेल. "हं," म्हणाला. "असेल." यंत्राकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग चपला घालून सयाजीरावांकडे गेला. माफी मागून आला.

९ जून, बुधवार

दिवसभर चाललं. वहीत लिहायला काही नाही. रेघ ओढली.

ह्यांना सांगितलं, गादीमुळे होत होतं. म्हणाले, "सापडलं शेवटी शेऱ्यात!" फार खूश. वरदला हाक मारून दहा मिनिटं अमेरिकेतल्या थंडीबद्दल सांगितलं. कधी गेले नाहीत, तरी सगळं माहीत!

१० जून, गुरुवार

चाललं. साहेबांना फोन करून वरदने सांगितलं, पंधराला सगळं देतो. व्हिसासाठी मुंबईला कधी जायचं ते ठरलं. मी त्याचे स्वेटर काढून उन्हात टाकले. एकाला कसर लागली आहे, कोपरापाशी. रफू होईल.

वॉकर घेऊन मी एकटीने ह्यांना उठवण्याचा सराव सुरू केला आहे. खुर्ची अमुक ठिकाणी, पाय अमुक ठिकाणी. आज जमलं! एकदा जमलं, एकदा नाही.

११ जून, शुक्रवार

चाललं.

वरद नीट जेवत नाही. विचारलं तर "गरम होतंय" म्हणाला. मौनाच्या वेळी तोच बोलतो एरवी, आज तोही गप्प. संध्याकाळी मला विचारतो, "आई, मला तिकडे करमलं नाही तर?" म्हटलं, करमेल. सगळ्यांना करमतं. काम किती राहिलं? म्हणाला, दीड दिवसाचं.

१२ जून, शनिवार

आज पुन्हा गेलं! "आई, लिही!" ऐकून मी दचकलेच. तीन दिवस हाक नव्हती. चार पाच. मी धावत जाऊन टेबल बघितलं, खाली काही नाही, नुसता सनमायका. हात लावला. कोमट. तापलेलं नाही.

वही घेऊन बसले. काही जुळत नाही. म्हणजे दुसरा काहीतरी बिघाड होता का? मग गादीचा दोष नव्हताच का? इतके दिवस मन उगीच मला खात होतं का? उद्या सयाजीरावांना बोलावते.

देवा, तीनच दिवस उरले. आता खरंच मागते. होऊ दे त्याचं काम.

१३ जून, रविवार

आज अधिक संपला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी ताक घेऊन वरदच्या खोलीच्या दारात गेले. पाठ माझ्याकडे होती. यंत्र चालू होतं, पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकत होती. त्याने हात मांडीवर घेतले. थोडा वेळ तसाच बसला. मग उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं आणि दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत धरलं.

मी तशीच मागे फिरले, स्वयंपाकघरात आले. मागून हाक आली. "आई, लिही! पुन्हा गेलं!"

वही काढली. मागची सगळी पानं चाळली. त्यातले माझे बिघाड कुठले आणि त्याचे कुठले, कळायला मार्ग नाही.

लिहिलं. दहा पन्नास.